जास्वंद : लागवड आणि राखण

जास्वंद हे भेंडी, कापूस आणि अंबाडी यांच्या कुळातले सदाहरित झुडूप आहे. या कुळात भेंडी भाजीला लागते, कापूस अंगावर येतो, अंबाडीचा दोर वळतात. जास्वंद देते ती फुले. त्यांतली थोडी देवाला आणि थोडी केसांच्या तेलाला जातात. एवढ्या भांडवलावर कोकणातल्या अंगणात पहिली जागा तिला मिळते. मलेशियाने १९६० मध्ये तिला राष्ट्रीय फूल ठरवले. याच कोकणातल्या दाभोळ गावात तिला असा दर्जा नाही, मात्र सार्वजनिक मालमत्ता ती आहेच.

लागवड फांदीपासून होते. पाऊस लागला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची फांदी घ्यावी. फार कोवळी नको, फार जून नको. खालचे टोक डोळ्याच्या लगेच खाली तिरके कापावे, तळची पाने काढावीत आणि दोन डोळे वाळूमिश्रित मातीत जातील अशी ती खोचावी. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. पाचव्या दिवशी उपटून पाहिल्यास धरत नाहीत; तरी पाहण्याची प्रथा आहे. मागून आणलेल्या फांदीपेक्षा न विचारता आणलेली फांदी चांगली लागते, असे सांगणारे प्रत्येक वाडीत भेटतात. अशा तज्ज्ञांना गडग्यापासून दूर ठेवावे.

दाभोळची जांभ्याची माती तिला मानवते : पाण्याचा निचरा होतो आणि माती किंचित आम्ल असते. पाणी साचेल अशा खळग्यात मात्र मुळे कुजतात. वाशिष्ठी नदीच्या मुखावरचा खारा वारा पानांच्या कडा करपवतो, म्हणून झाड घराच्या आडोशाला हवे. आणि पाच-सहा तास ऊनही हवे. आंबा, फणस आणि माडांनी भरलेल्या आवारात असा आडोशाचा आणि उन्हाचा तुकडा एकच सापडतो, आणि तिथे आधीच वाळवण घातलेले असते. उन्हाळ्यात जांभा लवकर तापतो. पाणी कधी दिले कधी विसरले, की कळ्या गळतात. खताला कुजलेले शेण पुरे. हौसेने युरिया टाकल्यास पाने भरघोस येतात. त्यावर शेळ्या खूश होतात.

फूल नव्या फुटीच्या टोकाला येते, तेव्हा पाऊस ओसरल्यावर छाटणी करावी. फांदी कापायला जीव होत नाही असे मालक पुष्कळ. त्यांची जास्वंद कौलांपर्यंत चढते आणि फुले फक्त आकडीवाल्याच्या हाती लागतात. शेंड्यांवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याला फांदीफांदीवर पोचवतात. कीड लागलेले शेंडे कापून टाकावेत आणि साबणाचे पाणी किंवा कडुनिंबाचे तेल फवारावे. वाटेने जाणारा प्रत्येकजण वेगळा उपाय सांगतो. ऐकून घेण्याने झाडाला अपाय होत नाही.

इथवरचे काम सोपे. अवघड ती फुलांची राखण. दाभोळवर १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज चालून आले आणि गाव लुटून जाळून गेले. त्या लुटीची नोंद इतिहासात आहे. पहाटेच्या अंधारात परडी घेऊन होणाऱ्या लुटीची नाही. ही मंडळी स्नान करून आलेली, बहुधा ओळखीतली असतात. देवासाठी तोडलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत असा त्यांचा कायदा आहे. तो करताना झाडाच्या मालकाला विचारलेले नव्हते. पकडल्यास “काकू, दोनच घेतली हो” एवढे उत्तर मिळते; परडीवर रुमाल असतो. जास्वंदीचे साधे फूल दिवसभरच टिकते, त्यामुळे “संध्याकाळी मिटणारच होते” हा युक्तिवादही खोडता येत नाही.

कुंपण, कुत्रा आणि पाटी यांपेक्षा रंगाची निवड उपयोगी पडते. गणपतीला लाल लागते, म्हणून पिवळी आणि पांढरी बऱ्यापैकी सुरक्षित राहतात. रस्त्याच्या बाजूला पिवळी लावावी, लाल एकेरी मागे, विहिरीकडे. मिरची जास्वंद तर कधी पुरती उमलतच नाही. तिच्याकडे कोणी वाकडी नजर टाकत नाही.

भाद्रपदात हा बंदोबस्त कोसळतो. चाकरमानी आलेले असतात, प्रत्येक घरात गणपती असतो आणि एकवीस लाल फुलांचा हिशेब असतो. तेव्हा दुसऱ्या दिवशी फुलणाऱ्या टपोऱ्या कळ्या आदल्या संध्याकाळीच काढून पाण्यात ठेवाव्यात. सकाळी त्या घरातही उमलतात. त्यासाठी दिवेलागणीच्या आधी झाडाजवळ पोचावे. उशीर झाल्यास तिथे शेजारच्या काकू आधीच उभ्या असतात.