टीपॉय बाजूला घेऊन खेळायचे खेळ

खेळणाऱ्याने स्वतःचे हातपाय हलवल्याशिवाय जे पुढे सरकत नाहीत, अशा व्हिडिओ गेमना सक्रिय व्हिडिओ गेम म्हणतात. साध्या गेममध्ये मुलाचे अंगठे हलतात आणि पडद्यावरचा माणूस धावतो. सक्रिय गेममध्ये दोघांनीही धावावे अशी अपेक्षा असते. 'जा, बाहेर जाऊन खेळ' हे वाक्य सांगून सांगून घसा बसला की पालक या खरेदीकडे वळतात. बाहेरही फारसे काही शिल्लक नसते म्हणा. सोसायटीच्या आवारात मोटारी उभ्या असतात आणि उरलेल्या जागेत 'येथे चेंडूचे खेळ खेळू नयेत' ही पाटी.

कल्पना तशी जुनी आहे. १९८६ साली जपानमध्ये बांदाई कंपनीने 'फॅमिली ट्रेनर' नावाची चटई बाजारात आणली. अमेरिकेत ती १९८८ मध्ये 'पॉवर पॅड' या नावाने गेली. चटईवर जागच्या जागी पळाले की पडद्यावरचा धावपटू पळे. मात्र चटईला फक्त दाब कळत असे. तो पायाचा की हाताचा, हे ओळखण्याची अक्कल तिला नव्हती. मुलांना होती. गुडघे टेकून दोन्ही तळव्यांनी चटई बडवली की धावपटू वाऱ्यासारखा सुटे. उडी मारायची वेळ आली की चटईवरून खाली उतरून उभे राहायचे, तोवर पडद्यावरचा बिचारा हवेत लटकलेला. या खेळांचा पुढचा सगळा इतिहास या चटईतच आहे: यंत्राने मुलाला हलवायचे आणि मुलाने यंत्राला बनवायचे.

१९९८ मध्ये कोनामी कंपनीच्या 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'ने ही लबाडी बरीच अवघड केली. गाण्याच्या तालावर बाण येतात आणि त्याच क्षणी त्या बाणावर पाय पडावा लागतो. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने तर २००६ मध्ये हा खेळ सरकारी शाळांच्या व्यायामाच्या तासाला आणायचे ठरवले. पीटीच्या तासाला गणिताच्या बाईंनी येऊन अपूर्णांक घेण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

घराघरांत हा प्रकार शिरला तो मात्र निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 'वी' या गेमयंत्रामुळे, नोव्हेंबर २००६ मध्ये. हातात टीव्हीच्या रिमोटसारखा रिमोट धरायचा आणि टेनिसची रॅकेट फिरवावी तसा फिरवायचा. रिमोटमधला वेगबदल मोजणारा बारीकसा भाग ती हालचाल ओळखतो. उत्साहाच्या भरात काही रिमोट हातातून सुटले आणि थेट टीव्हीवर जाऊन आदळले. ते मनगटाला बांधून ठेवणारी दोरी फार बारीक होती. कंपनीने त्याच डिसेंबरात सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवली. २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने एका २९ वर्षांच्या डॉक्टरच्या उजव्या खांद्याची हकीकत छापली. रविवारी सकाळी खांदा धरून उठलेला हा गृहस्थ आदल्या दिवशी तासन्‌तास वीवर टेनिस खेळला होता. दुखण्याला 'वीआयटिस' असे नाव मिळाले. मराठीत 'वीदाह' म्हणायला हरकत नाही. उपचार : आठवडाभर वेदनाशामक गोळ्या आणि खेळाला पूर्ण सुट्टी.

मुलांना वीदाह होत नाही. कारण त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच शोध लागतो की रिमोटला मनगटाची हालचाल पुरते. बाबा हॉलच्या मधोमध उभे राहून, घामाघूम होऊन सर्व्हिस करत असतात. चिरंजीव सोफ्यावर तंगड्या पसरून, माशी हाकलावी तेवढा झटका देतात आणि सामना जिंकतात.

यावर उतारा म्हणून २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'किनेक्ट' आणला. यात हातात काही धरायचेच नसते. टीव्हीजवळ ठेवलेली पट्टी अदृश्य अवरक्त किरणांचे ठिपके खोलीभर पसरते आणि त्यांवरून खेळाडूचे डोके, कोपर, गुडघे कुठे आहेत ते ताडते. लोळून खेळणाऱ्याची इथे डाळ शिजत नाही. पण त्यासाठी एकट्या खेळाडूने पट्टीपासून सुमारे सहा फूट आणि दोघांनी आठ फूट लांब उभे राहायचे असते. दहा फुटी हॉलमध्ये आठ फूट मोजले की खेळाडू दिवाणावर चढतो. ढगळ कपडेही या यंत्राला आवडत नाहीत. गाऊन घातलेली आई त्याच्या हिशेबी गुडघेच नसलेली व्यक्ती असते. २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादन बंद झाले.

२०१९ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्याच 'रिंग फिट ॲडव्हेंचर'ला फ्लॅटची जास्त जाण आहे. मांडीला पट्टा बांधायचा, हातात स्टिअरिंगएवढे कडे धरून दाबायचे आणि व्यायामाचे वेड लागलेल्या एका ड्रॅगनचा पाठलाग करायचा. या खेळात आवाज न करण्याची वेगळी सोय आहे : पळण्याऐवजी उठाबशा काढल्या तरी चालते. खालच्या मजल्यावरचे काका जपानमध्येही राहतात, याचा यापेक्षा भक्कम पुरावा मिळणे कठीण.

आता मुख्य प्रश्न, याने मूल खरोखर हलते का. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल व्हायला हवी. २००७ मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी किशोरवयीन मुलांवर मोजमाप केले. बसून खेळायच्या गेमपेक्षा वी खेळताना जास्त शक्ती खर्च होते, पण खऱ्या मैदानी खेळापेक्षा बरीच कमी, असे त्यात दिसले. २०१२ मध्ये ह्यूस्टनचा अभ्यास आला आणि त्याने दुकानदारांचा चेहरा पाडला. ९ ते १२ वर्षांच्या मुलांना वी देण्यात आला. काहींना हालचालीचे गेम, काहींना बैठे. हालचाल मोजणारे यंत्र अंगावर बांधले होते. तेरा आठवड्यांत दोन्ही गटांच्या हालचालीत फरक निघाला नाही. एक तर मुले खेळली ती आरामात, नाहीतर हॉलमध्ये केलेली धावपळ त्यांनी नंतर पलंगावर वसूल करून घेतली.

तरीही यंत्र लगेच माळ्यावर टाकण्याची गरज नाही. वीवरच्या बोलिंगने अंग फारसे हलत नाही, हे मान्य; पण दोन्ही हातांनी ठोसे मारायचे बॉक्सिंग आणि पाय उचलायला लावणारा नाच यांनी चांगलाच घाम येतो. आणि प्रतिस्पर्धी पडद्यात नसून खोलीत असला की मूल सोफ्यावरून आपोआप उठते. यासाठी सर्वांत प्रभावी उपकरण आजी. ती नियम ऐकून घेत नाही, रिमोट उलटा धरते आणि पहिल्याच फेरीत जिंकते. मग नातवाला दहा फेऱ्या तरी खेळाव्या लागतात. पाऊस धो धो पडत असताना किंवा मे महिन्याच्या दुपारी, टीपॉय भिंतीला सरकवून, पंख्याखालची जागा टाळून आणि दोरी मनगटात अडकवून हे खेळ अवश्य खेळावेत. संध्याकाळी लंगडीला गडी जमत असतील तर तिकडे जावे.

वीवर बराच वेळ खेळले की पडद्यावर थोडी विश्रांती घेण्याची सूचना येते. सोबत एक चित्र असते. त्यात उघडी खिडकी दाखवलेली आहे.