मुलांना घरीच ठेवा: फुटबॉलच्या वेळापत्रककर्त्यांस अनावृत पत्र

माननीय वेळापत्रककर्ते महोदय,



भारतीय फुटबॉलला कुटुंबवत्सल माणसांच्या उपद्रवापासून वाचवण्याचं जे कार्य आपण नेटानं चालवलं आहे, त्याबद्दल आपलं जाहीर अभिनंदन. २०२३-२४ च्या हंगामात इंडियन सुपर लीगचे बहुतेक सामने आपण रात्री आठला सुरू केलेत. पुढच्या हंगामात साडेसातवर आलात. अर्ध्या तासाचं हे औदार्य आम्ही विसरलेलो नाही. आठचा सामना दहाच्या सुमारास संपतो. अंधेरीच्या मैदानातून गर्दीबरोबर बाहेर पडायचं, आझादनगरला मेट्रो पकडायची, घाटकोपरला लोकल गाठायची, की डोंबिवलीच्या घरी पोचेपर्यंत घड्याळाचे बारा वाजतात आणि खांद्यावर झोपलेलं पोर वाहणाऱ्या आईबापांचेही. सकाळची शाळा मात्र वेळेवरच भरते. फातोर्ड्यात एफसी गोवाचा सामना बघितलेल्या आणि स्वतःची गाडी नसलेल्या माणसानं पेडण्याला परत कसं जावं, हा प्रश्न आपल्या कार्यकक्षेत येत नाही, हे आम्ही जाणतो.

आपली एकच तक्रार असते, की भारतात फुटबॉल बघायला माणसं येत नाहीत. आमचं म्हणणं एवढंच, की मैदानावर येणारा प्रेक्षक जाहिरातीतून मिळत नाही, तो घरातून येतो. कट्टर चाहता एकटा आला तर एक तिकीट खपतं. तो, किंवा ती, लेकराला घेऊन आली तर पुढच्या पन्नास वर्षांचं गिऱ्हाईक फुकटात तयार होतं. १९९७ मध्ये फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर आले, तेव्हा कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर सव्वा लाखाहून अधिक माणसं होती. त्यातले बहुतेक कोणत्या बाजूला ओरडायचं हे घरूनच शिकून आले असणार. इतकं लांबही जायला नको. कोल्हापुरात आपला संघ पाटाकडील तालमीचा की खंडोबा तालमीचा, हे बहुधा पेठेत पाळणा हलतो तेव्हाच ठरतं. तिथल्या शाहू स्टेडियमवर ना परदेशी प्रशिक्षक, ना फटाक्यांचे सोहळे. सामने भर दुपारी, तरी गर्दी. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हा निव्वळ योगायोग आहे, असं आपण म्हणू शकता.

आपण म्हणाल, पैसा टीव्हीचा आहे, तेव्हा वेळही टीव्हीचीच. बरोबर आहे; पण ज्या पाहुण्यासाठी घरच्यांना ओसरीवर बसवलं, तो पाहुणा आला का? २०२५ च्या जुलैत लीगचा नवा हंगाम बेमुदत लांबणीवर पडला आणि नोव्हेंबरमध्ये तिच्या व्यावसायिक हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही. टीव्हीचा पैसा आपल्याहून किती तरी पट अधिक असलेले देश काय करतात तेही बघा. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉलचं थेट प्रक्षेपणच होत नाही, कारण त्या वेळी माणसानं मैदानावर जावं अशी अपेक्षा आहे. जर्मनीत सोमवार रात्रीच्या सामन्यांविरुद्ध प्रेक्षक पेटून उठले, फ्रँकफर्टमध्ये मैदानावर टेनिस बॉलचा वर्षाव झाला, आणि २०२१ पासून बुंडेसलीगानं ते सामने गुंडाळले. आपल्या प्रेक्षकानं टेनिस बॉल फेकले नाहीत. तो नुसता आला नाही.

दुसरा आक्षेप आयपीएलचा. ती माणसं मुलाबाळांसह मध्यरात्रीपर्यंत बसतात, मग फुटबॉलवाल्यांनाच काय झालं? महोदय, आयपीएल मुख्यतः एप्रिल-मेमध्ये असते, परीक्षा संपत आलेल्या किंवा संपलेल्या असतात. आपली लीग एरवी सहामाही आणि वार्षिक अशा दोन्ही परीक्षांच्या काळात येते. २०१८ च्या जूनमध्ये अंधेरीतच भारत आणि चायनीज तैपेई यांचा सामना जेमतेम अडीच हजार लोकांनी पाहिला. मग कर्णधार सुनील छेत्रीनं व्हिडिओ काढून, शिव्या द्या पण मैदानावर या, अशी विनवणी केली आणि ४ जूनला केनियाविरुद्ध, भर पावसात, मैदान भरलं. श्रेय छेत्रीचंच; पण महाराष्ट्रातल्या शाळा तेव्हा उघडायच्या होत्या, हेही नोंदवून ठेवा. कर्णधारानं दर आठवड्याला हात जोडावेत अशी योजना असेल तर गोष्ट वेगळी.

उन्हाचं म्हणाल तर ते खरं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुपारी कोणी कोणाला धावायला लावू नये. पण डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी पाच वाजता मुंबईत किंवा मडगावात काय भाजून निघतं? आणि एकाच दिवशी दोन सामने असले की त्यातला एक आपण पाच-साडेपाचला ठेवताच. म्हणजे खेळाडू तेव्हा जिवंत राहतात हे सिद्ध झालं आहे. पुण्याचा संघ २०१४ पासून बालेवाडीत खेळला आणि २०१९ मध्ये बंद पडला. त्याची नारिंगी जर्सी हट्टानं घेतलेली मुलं आज कॉलेजात असतील आणि ती बहुधा मँचेस्टरच्या एखाद्या संघासाठी रात्र जागवत असतील. हे पीक आपल्या हातून एकदा गेलं आहे.

तेव्हा पुढच्या हंगामात किमान रविवारचे सामने संध्याकाळी पाचला ठेवावेत. परीक्षांच्या तारखा शाळा आधीच कळवतात, त्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघाव्यात. आणि ते वेळापत्रक हंगामाच्या महिनाभर आधी एकदाच जाहीर करून मग त्याला हात लावू नये. याला नवी निविदा लागत नाही.

आपला,
सहकुटुंब येऊ इच्छिणारा एक प्रेक्षक