पाडव्याच्या आत नाहूरला फ्लॅट कसा घ्यावा

साहित्य : पाच मीटरचा मेजरिंग टेप, तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बरा सिबिल स्कोअर, घरातल्या गोदरेजच्या कपाटाची मापं आणि एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारताना न लाजण्याची सवय. लागणारा वेळ : सेल्सवाल्यांच्या मते येत्या रविवारपर्यंत.

सुरुवात नाहूर शोधण्यापासून करावी. भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये ते आहे, २००३ पासून तिथे स्टेशनही आहे. जाहिरातीत मात्र सहसा सापडत नाही. नाहूरला उतरून ज्या टॉवरपर्यंत तुम्ही चालत जाता, तो ब्रोशरमध्ये मुलुंड वेस्टला असतो. भावही अर्थातच मुलुंडचा. रेल्वेला हे कुणी कळवलेलं नाही, त्यामुळे फास्ट गाडी नाहूरला थांबत नाही. तेव्हा रविवारी दुपारी एजंटाच्या एसी गाडीतून साईट बघू नये. कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला नाहूरच्या फलाटावर जावं आणि सीएसएमटीकडे जाणाऱ्या स्लो गाडीत चढून दाखवावं. चढता आलं तर पुढे वाचा.

सेल्स ऑफिसात शिरल्यावर काचेच्या पेटीतलं मॉडेल दिसेल. त्यात गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता पूर्ण झालेला असतो, एलबीएस मार्गावरून मेट्रो ४ धावत असते आणि फुटपाथवर फेरीवाला नसतो. जोडरस्त्याची लांबी १२.२ किलोमीटर, त्यातले ४.७ किलोमीटर राष्ट्रीय उद्यानाखालच्या जुळ्या बोगद्यांचे. योजना खरी आहे आणि त्याचा फायदाही होईल. पण तो फायदा तुमच्या दरात आधीच मिळवलेला आहे, हे मॉडेल बघताना विसरू नये.

आता सॅम्पल फ्लॅट. इथे घाई करू नका, कारण सगळी कारागिरी इथेच असते. आत शिरताच खोली प्रशस्त वाटते. का वाटते ते बघा. बेडरूमला दारच बसवलेलं नाही, त्यामुळे उघडलेलं दार किती जागा खातं ते कळत नाही. दोन खोल्यांमधली भिंत काचेची आहे. एका भिंतीला वरपासून खालपर्यंत आरसा आहे. पलंग साडेपाच फुटांचा निघाला तर दचकू नये, त्यावर कुणी झोपणार नसतं. वॉशिंग मशीन कुठे ठेवायचं, कपडे कुठे वाळत घालायचे आणि देवघर कुठे, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्यावर सेल्सवाली मुलगी ‘काकू, तिथे मस्त शोकेस होईल’ म्हणेल. आता टेप काढा आणि गोदरेजचं कपाट ठेवल्यावर त्याचं दार उघडतं का ते मोजा. टेप बाहेर निघाला की ऑफिसातला चहा यायचा थांबतो, थांबू द्या.

ब्रोशरमधला आकडा चौरस फुटांत आणि करारातला चौरस मीटरमध्ये असतो. मीटरला १०.७६४ ने गुणावं : ३८.५ चौरस मीटर म्हणजे ४१४ चौरस फूट, साडेचारशे नव्हे. बोलावं फक्त रेरा कार्पेटबद्दल. बाल्कनी त्यात धरत नाहीत. ‘युजेबल’ म्हणून वेगळा आकडा सांगितला, तर रेरा कार्पेट किती ते पुन्हा विचारावं. (साहित्यातली शेवटची सवय इथे लागते.)

तेवढ्यात फोन वाजेल. ‘सर, या दरात शेवटचे तीनच फ्लॅट राहिलेत, संध्याकाळी दुसरी फॅमिली टोकन द्यायला येतेय.’ ही दुसरी फॅमिली मुंबईभर फिरतीवर असते, तिच्यावर रागावू नये. जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. १ ऑगस्ट २०२३ पासून तो छापणं सक्तीचं आहे. महारेराच्या पानावर बिल्डरला दर तिमाहीला किती फ्लॅट बुक झाले ते भरावं लागतं. तिथे अर्धा टॉवर रिकामा दिसला की ‘शेवटचे तीन’ म्हणजे काय ते समजतं. ताबा देण्याची मूळ तारीख आणि वाढवलेली तारीखही तिथेच दिसते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून मंडपात आला, तरी नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत, असं रेरा कायद्याचं कलम १३ सांगतं.

पैशांचं थोडक्यात. फ्लॅट बांधकाम चालू असलेला, किंमत १ कोटी २० लाख धरा. पंचाहत्तर लाखांवरच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ९० लाख. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साधारण ७८ हजार. उरलेले ३० लाख तुमचे. त्यावर ६ टक्के स्टॅम्प ड्युटी ७ लाख २० हजार, नोंदणी ३० हजार, ५ टक्के जीएसटी ६ लाख. हे साडेतेरा लाख सहसा कर्जाच्या हिशेबात धरत नाहीत, तेव्हा हाताशी साडेत्रेचाळीस हवेत. फ्लॅट एकट्या बायकोच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का, म्हणजे १ लाख २० हजार वाचतात. दोघांच्या नावावर घेतला तर ही सवलत जाते. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळाल्यावर विकायला आलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. पाडव्याची ‘जीएसटी माफ’ ऑफर ऐकताना, ओसीला किती दिवस राहिलेत ते जरूर विचारा.

मग ३१ मार्चची भीती दाखवली जाईल : १ एप्रिलला रेडी रेकनर वाढणार! कधी वाढतोही, २०२५ साली वाढला. पण स्टॅम्प ड्युटी करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. तुमचा भाव मुळातच रेकनरच्या वर असेल, तर थोड्याशा वाढीनं तुमचा एक रुपयाही वाढत नाही.

खरी चुरस बघायची असेल तर रीसेलकडे वळा. स्टेशनजवळच्या जुन्या सोसायटीत चांगल्या मजल्यावरचा वन बीएचके निघाला, की वॉचमनपासून वाण्यापर्यंत सगळ्यांना आधी कळतं आणि आठवड्यात तो जातो. इथे कर्जमंजुरीचं पत्र आधीच खिशात लागतं. त्याबरोबर शेअर सर्टिफिकेट, आधीच्या सगळ्या करारांची साखळी, इमारतीची ओसी आणि सोसायटीची एनओसी वकिलाच्या टेबलावर गेल्याशिवाय टोकन देऊ नका. विकणारे आजोबा ‘बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे’ म्हणून दहा लाख वाढवून मागतील. जनरल बॉडीचा ठराव दाखवा म्हणावं. ठराव नसेल तर दहा लाख आजोबांच्या आशेचे आहेत, ते आपण भरायचं कारण नाही.

इतकं सगळं होईपर्यंत पाडवा उलटून गेलेला असेल. महिन्याभरात अक्षय्य तृतीया येते, मग दसरा, मग दिवाळीचा पाडवा. ऑफर तीच असते, चांदीचं नाणंही तेच. बॅनरवरची गुढी तेवढी काढतात.