तीन मिनिटांत पीएचडी

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये दुष्काळ होता, तेव्हा आंघोळ तीन मिनिटांत उरकावी म्हणून लोकांनी न्हाणीघरात वाळूची घड्याळं लावली. त्यावरून तिथल्या विद्यापीठाला सुचलं, की पीएचडीवाल्यांनाही हाच नियम लावावा. २००८ साली प्रबंध सांगायची स्पर्धा निघाली. तीन मिनिटं, एकच स्लाइड, तीही न हलणारी. गाणं-कविता नको, हातात वस्तू नको. वेळ उलटली की बाद. ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध सांगायला नऊ तास लागतील, हा हिशेबही आयोजकांनीच मांडून ठेवलाय. पाणी वाचवायला निघाले आणि श्रोते वाचवले!

आपल्याकडे यूजीसीच्या २०२२च्या नियमांत संशोधकांना अध्यापन-लेखनाचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. म्हणजे कार्यशाळा आलीच. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, शाल-श्रीफळ, मग बीजभाषण. ‘थोडक्यात कसं बोलावं’ हे सत्र वेळेअभावी रद्द होतं. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना, जेवणाआधी निघून गेलेल्यांनासुद्धा. (जेवणाआधी कोणी जात नाही, हे सोडा.)

इथून तयार झालेला विद्यार्थी खुल्या मौखिकीत ‘बहुआयामी परिप्रेक्ष्यातून चिकित्सक अभ्यास’ असं घडाघडा म्हणतो. परीक्षक माना डोलावतात. मागच्या रांगेतली आई शेजारणीला म्हणते, “झाला बहुतेक पास.”

आयोजकहो, एक विनंती. पुढच्या वेळी पोरांना आधी बोलू द्या, सत्कार शेवटी ठेवा. पाहुणे थांबतील, शाल मिळायची असते.