अर्धी घ्या, काही होत नाही

तुमच्या सोसायटीत गोळीकाका नसतील, तर पुन्हा एकदा चौकशी करा. बहुधा ते लेकीकडे गेले असतील. कोथरूडपासून हडपसरपर्यंत गोळीकाकांशिवाय चालणारी सोसायटी माझ्या तरी ऐकिवात नाही. चेअरमन बदलतात, सेक्रेटरी राजीनामा देतात, खजिनदार तर कुणाला व्हायचंच नसतं. गोळीकाका मात्र तहहयात. त्यांना कुणी निवडून दिलेलं नसतं, म्हणून त्यांना हटवताही येत नाही.

वय साठीच्या पुढे. निवृत्ती बँकेतून, नाहीतर वीज मंडळातून. औषधशास्त्राशी संबंध म्हणाल, तर स्वतःच्या नाकापुरता. पण ते नाक साधं नाही. गाजर गवताच्या सहवासात मुरलेलं आहे. या गवताची आपल्या देशातली ठळक नोंद 1950च्या दशकात पुण्यात झाली, हे काका अशा अभिमानानं सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, शनिवारवाड्यानंतर पुण्याची कमाई हीच. त्यात हल्ली डक्टमधली कबुतरं, रस्ता खोदल्याची धूळ, आणि समोरच्या नव्या टॉवरचं सिमेंट. काकांच्या सेवेला गिऱ्हाईक कमी पडत नाही.

लिफ्टमध्ये तुम्ही शिंकलात, की दार उघडायच्या आत चौकशी सुरू होते. "सलग येतात की सुट्ट्या? सकाळी जास्त? डोळे खाजतात? टाळू खाजते? पाणी पातळ की घट्ट?" मान्य करायला हवं, प्रश्न अगदी योग्य असतात. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, डोळ्यांना खाज, नाकातून पाण्यासारखं पाणी आणि ताप नाही, तर ती ॲलर्जीच असायची. ताप आणि अंगदुखी असेल, तर गाडी वेगळ्या रुळावर. काकांचं निदान चुकत नाही. ते शिंकेबद्दल सगळं विचारतात. शिंकणाऱ्याबद्दल मात्र काही विचारत नाहीत, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

निदान झालं, की काका "आलोच" म्हणून घरात जातात आणि श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन येतात. हा डबा एकदा जवळून पाहावा. त्यात पूर्ण पाकीट एकही नसतं. कात्रीनं कापलेले चौकोनी तुकडे असतात, कशात दोन गोळ्या, कशात एक. औषधाचं नाव आणि मुदत ज्या बाजूला छापलेली असते, ती बाजू नेमकी आधी संपलेली असते. एका तुकड्यावर "झिन" एवढंच शिल्लक असतं, दुसऱ्यावर "दूर ठेवा". मुलांच्या हातापासून की आणखी कशापासून, ते कळायला मार्ग नाही. काका रंगावरून ओळखतात. "ही पांढरी लांबट म्हणजे ॲलर्जीची, ही पिवळी सर्दीची, ही गुलाबी... ही असू दे." मग अंगठ्याच्या नखानं एक गोळी मोडून अर्धी तुमच्या तळहातावर ठेवतात आणि ब्रीदवाक्य उच्चारतात, "अर्धी घ्या, काही होत नाही."

हे वाक्य पुष्कळदा शब्दशः खरं ठरतं. काही होत नाही; शिंकसुद्धा थांबत नाही. सिट्रिझिनची मोठ्या माणसाची मात्रा दिवसातून एकदा 10 मिलिग्रॅम, आणि तिचा अंमल चोवीस तासांच्या आसपास टिकतो. काका अर्धी देतात आणि गुण आला नाही, की दुपारी दुसरी अर्धी, संध्याकाळी "आता पूर्णच घ्या". रात्री मग सोबतीला लेवोसिट्रिझिन. "ही पुढची पिढी आहे," असं काका म्हणतात. पिढी पुढची असली, तरी घराणं तेच आहे. लेवोसिट्रिझिन हा सिट्रिझिनचाच काम करणारा अर्धा भाग, म्हणून त्याची मात्राही निम्मी, 5 मिलिग्रॅम. दोन्ही एकदम घेणं म्हणजे एकाच औषधाला दोन दारांनी आत घेणं. दुसऱ्या मजल्यावरचा आयटीवाला असा उपचार घेऊन सकाळी स्कूटरवरून निघाला आणि सिग्नलला हिरवा दिवा लागल्यावर मागच्या रिक्षावाल्यानं त्याला उठवलं. या गोळीनं झोप येत नाही म्हणतात. जुन्या अविलच्या मानानं ते खरंही आहे, पण काहींना चांगलीच येते. आपण त्या काहींपैकी आहोत की नाही, हे पहिल्यांदा रात्री घरी घेऊन पाहावं. चांदणी चौकात पाहू नये. त्यावर ग्लास तर भरूच नये; गोळीची गुंगी आणि ग्लासाची गुंगी एकमेकींना हात देतात.

काका स्वतः फेक्सोफेनाडिन घेतात. झोप आणण्याच्या बाबतीत ती सगळ्यांत गरीब. पण घेतात संत्र्याच्या रसाबरोबर, कारण "व्हिटॅमिन सी पण जातं पोटात". संत्रं, मोसंबी, सफरचंद यांच्या रसानं ही गोळी शरीरात कमी शोषली जाते. ती साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. अर्धी गोळी रसात वाया जाते आणि काका हळहळतात, "पूर्वीच्या गोळ्या राहिल्या नाहीत."

वर्षातून एकदा काकांचा मुलगा अमेरिकेतून येतो आणि 365 गोळ्यांची बाटली आणतो. तिथे 2007 सालापासून सिट्रिझिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, अगदी शांपूच्या शेजारच्या फळीवर मिळतं. ती बाटली आली, की काकांची दानत दुप्पट होते. पेपरवाला, वॉचमन, कुरिअरचा मुलगा, कुणीही नुसतं नाक पुसलं, तरी रिकाम्या हातानं परत जात नाही.

नाकाच्या थेंबांवर काकांचा भारी जीव. झायलोमेटाझोलिनचे दोन थेंब, की पाच मिनिटांत नाक मोकळं. पण पाच-सात दिवसांच्या पुढे हे थेंब चालू ठेवले, की नाकाला सवय जडते. थेंब उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, म्हणून पुन्हा थेंब. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची बाटली उशाखाली असायची. ती सोडवताना कानानाकाच्या डॉक्टरांनी त्यांना स्टिरॉइडचा फवारा दिला. वहिनींनी दोन दिवसांत "गुण नाही" म्हणून तो काकांच्या डब्यात जमा केला. त्या फवाऱ्याचा पूर्ण गुण यायला रोज न चुकता काही दिवस मारावा लागतो, आणि तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेनं ठेवावं लागतं. हे वहिनींना कुणी सांगितलं नव्हतं, आणि काकांना माहीत नव्हतं.

काकांना पहिल्यांदा कुणी अडवलं असेल, तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या नव्या मुलीनं. काका ऐटीत म्हणाले, "ती सर्दीची पिवळी दे गं, दोन पाकिटं."

"कुणासाठी, काका?"

"आमच्या मजल्यावरच्या अण्णांसाठी."

"वय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"बीपी?"

"आहे. गोळी चालू आहे."

"लघवीला त्रास? रात्री उठावं लागतं?"

मागे रांगेत चार माणसं. काका कानापर्यंत लाल झाले. "अगं, नाक वाहतंय त्यांचं!"

मुलीनं शांतपणे पाकीट उलटं करून त्यावरची बारीक अक्षरं दाखवली. क्लोरफेनिरामिन, फिनाइलएफ्रिन, पॅरासिटॅमॉल. पहिल्यानं प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडकू शकते, दुसऱ्यानं बीपी चढू शकतं, आणि तिसरं अण्णा गुडघ्यासाठी आधीच घेत असतील, तर दुप्पट होतं. अण्णा रात्री किती वेळा उठतात, हे फ्लशच्या आवाजावरून अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं. त्याचा शिंकेशी संबंध असेल, असं मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं. मग चौथ्या वर्षातल्या नातवासाठी त्याच औषधाचं पातळ रूप मागण्याची काकांची हिंमत झाली नाही, हे बरंच झालं. पहिल्या दोन औषधांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं आहे, आणि नातवाला चार पूर्ण व्हायला अजून दोन महिने होते.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. काकू काकांच्या डब्याला हात लावत नाहीत. त्यांची ॲलर्जी काकांपेक्षा जुनी, पण त्या डॉक्टरांकडून एकदा नीट विचारून आल्या आणि तेच धरून आहेत. दिवाळीची साफसफाई काढायची, की माळ्यावर चढायच्या दोन तास आधी गोळी, तोंडाला ओढणी, आणि कालनिर्णयाच्या त्या दिवसाच्या चौकटीत पेनानं एक टिंब. टिंब दिसलं, की त्या दिवशी दुसरी गोळी नाही. शिंका सुरू झाल्यावर गोळी शोधण्यापेक्षा धुळीच्या आधी घेतलेली जास्त कामाला येते, हे त्यांनी काकांना अनेकदा सांगून पाहिलं. काकांना आधी घेतलेल्या गोळीत मजा वाटत नाही. रोगी समोर हवा.

मागच्या हिवाळ्यात काकांनी कहर केला. पाचव्या मजल्यावरच्या मुलीची त्वचेवर टोचून ॲलर्जीची चाचणी होती. तिची शिंक काकांना बघवेना. आदल्या रात्री त्यांनी गोळी दिली. या चाचणीआधी काही दिवस अशा गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर कातडी गप्प बसते. तशी ती बसली, कशाचीच ॲलर्जी निघाली नाही, आणि मुलीच्या आईनं चाचणीचे पैसे गेल्याचं दुःख काकांपाशीच मांडलं. काकांनी सहानुभूती म्हणून आणखी एक पाकीट दिलं.

असा माणूस वाईट कसा म्हणायचा? रात्री अकरा वाजता बेल वाजवली, तर दार उघडणारा सोसायटीत तो एकच. म्हणून काकांची गोळी नाकारू नका, हसून घ्या. घरी आल्यावर नाव आणि मुदत वाचा, आणि नाव कापलं गेलं असेल, तर ती पोटात जाऊ देऊ नका. बीपी, प्रोस्टेट, काचबिंदू, किडनी, पोटातलं बाळ, आधीपासून चालू असलेली औषधं, यांतलं काही असेल, तर मेडिकलमधल्या त्या मुलीला किंवा डॉक्टरांना विचारून मगच घ्या. आणि काही खाल्ल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर ओठ, जीभ सुजायला लागली, श्वासाला घरघर आली, चक्कर आली, तर डबा, काका, गोळी काहीही शोधत बसू नका. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. लगेच 108 ला फोन करा.