काठ तयार, पाणी येईलच

गावाला नगरपंचायत मिळाली की दोन गोष्टींचे डोहाळे लागतात: लाल बदामाचा 'आय लव्ह' फलक आणि पाण्याकाठचं उद्यान. नवी मुंबईच्या वाशीला खाडी आहे, तिथे सागर विहार शोभतो. मग आमच्या धाराशिवच्या वाशीनेच हौस का मारावी? समजा, एखाद्या साठवण तलावाकाठी पेव्हर ब्लॉक बसले, ओपन जिम आली, दिवे लागले. माणसं येतील का?

येतील की! एप्रिल-मेमध्ये तर घागरी, हंडे, कॅन घेऊन सहकुटुंब येतील. 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा गाडीवर पुढाऱ्यांचे फलकसुद्धा झळकले. आमच्याकडचं जलपर्यटन ते हेच. उलट 2025 च्या सप्टेंबरात जिल्ह्यात पाणीच माणसांना भेटायला घरात शिरलं. काठ नेमका कुठे, हे तेव्हा कंत्राटदारालाही सांगता आलं नसतं.

पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान बघा. म्हैसूरच्या वृंदावनाचा कित्ता, शेजारी अख्खा नाथसागर. गर्दी लोटायची. पुढे कारंजी बंद पडली आणि गर्दी ओसरली. पाणी उशाशी असलेल्याची ही गत!

तेव्हा निविदेत कारंज्याच्या मोटारीखाली माळ्याचा पगारही लिहून घ्या. आणि स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे राहणार, तेही. आमच्याकडे किल्लीवाला नेहमी जेवायलाच गेलेला असतो.