कुणाचा रे तू?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. भोकरदनची माणसं भारताचीच नागरिक असल्यामुळे तो आम्हालाही मिळाला. ही बातमी मला संध्याकाळी शेजारच्या भाऊसाहेबांनी दिली. दुपारी माझ्याकडे कोण पाहुणे आले होते, मुलीला बघायला आले होते की उसने मागायला, आणि एवढ्या वेळात चहा एकदाच का झाला, ही चौकशीही त्यांनी त्याच बैठकीत उरकून घेतली.

निकालातली एक गोष्ट मात्र हॉटेलवर बरेच दिवस चघळली गेली. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं. त्यात त्यांनी आणीबाणीतला, १९७६चा जबलपूर खटल्याचा निकाल मोडीत काढला आणि त्या जुन्या निकालाच्या बहुमतात त्यांचेच वडील, न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. आमच्या तात्यांना खासगीपणाशी काही देणंघेणं नव्हतं, पण हे त्यांच्या जिव्हारी लागलं. "बापानं घातलेला बांध पोरानं सरकवला, अन् पेपरवाले कौतुक करू राह्यले? इथं मह्या चुलत्यानं हातभर सरकवला तं तीन पिढ्या तारखा चालू हायेत."

आपली माहिती चारचौघांत मांडायची आमच्या गावाला जुनी खोड आहे. भोकरदनचं प्राचीन नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे लोक होते आणि त्यांनी आपलं नाव गावासकट दगडात कोरून घेतलं. नाव, पत्ता आणि आर्थिक व्यवहार, सगळं एका ओळीत. दोन हजार वर्षं झाली, पुसायची सोय नाही. त्यांचे वारस आज देवळाला पंखा देतात आणि तिन्ही पात्यांवर नाव रंगवून घेतात. पंखा सुरू झाला की नाव वाचता येत नाही, म्हणून आरतीच्या वेळी उकाड्यातही तो बंद ठेवायला लावणारा दाता मी पाहिला आहे. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं, तेव्हा हस्तिदंताची एक मोडकी स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या तोंडवळ्याची एक मूर्ती १९३८ साली इटलीत, पाँपेईच्या राखेतून निघाली होती. ती आमच्याकडूनच तिकडे गेली असावी, असं काही अभ्यासक मानतात. असेल तर भोकरदनची बाई थेट रोमन लोकांच्या घरात जाऊन राहिली आणि गावाला पत्ता लागला नाही. आमच्या इतिहासात गुप्त राहिलेलं हे एकच प्रकरण.

पुढे कॅमेरे आले. बाजारात एका दुकानाचं शटर उचकटलं गेलं आणि आठवडाभरात भाऊसाहेबांनी आपल्या दुकानाला चार कॅमेरे लावले. एक गल्ल्यावर, एक गोदामावर, एक रस्त्यावर आणि चौथा, तारेची लांबी उरली म्हणून, माझ्या दारावर. पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा दिवाळीला आला तो हे बघून हबकलाच. "मामा, हा तुमच्या हक्कांचा भंग आहे. लेखी हरकत घ्या." त्याच्या समाधानासाठी मी हरकत घ्यायला गेलो. भाऊसाहेबांनी चहा मागवला आणि टीव्हीसमोर खुर्ची दिली. पडद्यावर चार चौकोन. चौथ्यात माझं दार, दारात वाळत घातलेला माझा बनियन, आणि बनियनच्या बाहीचं भोक. हे भोक घरात कोणाला दिसलं नव्हतं. मी हरकत न घेता परत आलो आणि बनियन बदलला.

तेव्हापासून त्या कॅमेऱ्याचा सगळ्यात जास्त उपयोग आमच्याच घरात होतो. बायको स्वयंपाकघरातून फोन लावते, "भाऊसाहेब, दूधवाला येऊन गेला का हो?" भाऊसाहेब मागं नेऊन बघतात आणि सांगतात, "सहा चाळीसला. अर्धा लिटर कमी घातलंय, वहिनी." रात्री मात्र या यंत्रणेचा ताबा दुसऱ्याकडं जातो. कॅमेऱ्याच्या लाल उजेडाला चिलटं जमतात, चिलटांपायी कोळी येतो आणि काचेवरच संसार मांडतो. गल्लीतून एकदा मोटरसायकल चोरीला गेली. आम्ही सगळे फुटेज बघायला जमलो. रात्री दोन ते तीन या वेळात अख्ख्या बाजारपेठेवरून एक हत्तीएवढा कोळी सावकाश चालत होता. त्याचे आठही पाय मोजता येत होते. गाडी त्याच्या पोटाखालून गेली असावी.

तरी कोणी कॅमेऱ्याला नाव ठेवलं नाही. बघणारा भाऊसाहेब आहे हे सगळ्यांना ठाऊक, आणि तो काय बघतो ते त्याच्या ओट्यावर बसून आम्हीही बघतो. हिशोब फिटला.

हिशोब फिसकटला तो २०२४च्या पावसाळ्यात. पुणे, नगर, बीडकडच्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालतात अशा बातम्या येऊ लागल्या. आमच्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांच्या मुक्कामावर ड्रोन फिरल्याचा विषय तर जुलैमध्ये विधिमंडळात निघाला. मग भोकरदन मागं राहतं होय? आमच्याकडं आधी अफवा आली आणि नंतर दिवे दिसायला लागले. चिकलठाण्याला उतरणारं विमान, मोबाईल टॉवरचा लाल दिवा, एका रात्री तर चक्क शुक्राची चांदणी, सगळे ड्रोन ठरले. हॉटेलवर एकेक सिद्धांत उकळू लागला. चोर आधी वरून टेहळणी करतात आणि मग खालून येतात, हा एक. सरकार कुणाच्या गच्चीवर किती मका वाळतो ते मोजतंय, हा दुसरा. तिसऱ्याचं म्हणणं, जमिनीखाली काहीतरी सापडलंय आणि कंपनी मोजणी करतेय. हा सिद्धांत ज्याची जमीन सगळ्यात खडकाळ त्याचा.

आळीपाळीनं गस्त सुरू झाली. काठ्या, बॅटऱ्या, शिट्ट्या. ज्वारीवरची पाखरं उडवायची गोफण कुणीतरी माळ्यावरून काढली. भाच्यानं फोनवरून ज्ञान दिलं की २०२१च्या नियमांप्रमाणं पाव किलोपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात मोडतो. तात्यांनी तो मुद्दा हातोहात उडवला. पाव किलोत तर पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात कोणी मिरचीसुद्धा मोजून देत नाही, त्याला काय भ्यायचं!

पण भ्याले होते, हे नक्की. एका रात्री तात्या गच्चीवर उभे. अंगात बंडी, डोक्याला उपरणं, हातात गोफण. पूर्वेला एक दिवा हळूहळू सरकत होता. तात्यांनी दगड मारला नाही. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आभाळाकडं बघून, वेशीवर अनोळखी पोरगा दिसल्यावर विचारतात त्याच आवाजात ओरडले, "कुणाचा रे तू?"

आभाळातून उत्तर आलं नाही. गावाला झोप लागली नाही ती यामुळं. तो काय बघतो, कशाचे फोटो काढतो, ते कुठं ठेवतो, असं त्या महिनाभरात एकानंही विचारल्याचं मला आठवत नाही. कुणाचा आहे, एवढंच सगळे विचारत होते. माझ्या मते दिल्लीत वकिलांनी तासन् तास मांडलेल्या युक्तिवादापेक्षा हा प्रश्न फार काही कमअस्सल नाही.

सरकारनं आमच्या सुरक्षिततेचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. २० जुलै २०२३ला सकाळी दहानंतर राज्यभरातले फोन अचानक एका सुरात किंचाळले. संकटाचा इशारा देणाऱ्या यंत्रणेची ती चाचणी होती. आदल्याच रात्री रायगडात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. ज्यांना असा इशारा मिळायला हवा होता, ते तेव्हा ढिगाऱ्याखाली होते. आमच्या घरात फोन किंचाळला तो देवघराजवळ. आईनं तो पदरात धरून अंगणाच्या कडेला नेऊन ठेवला, गॅस बंद केला, सगळ्यांना घराबाहेर काढलं आणि शेजारच्यांनाही हाक मारली. फोनच फुटणार असा तिचा समज. संदेशात 'ही चाचणी आहे, काही करू नका' असं लिहिलेलं आम्ही बाहेर रस्त्यावर उभं राहून वाचलं. आपत्ती व्यवस्थापनाचा इतका चोख सराव त्या दिवशी महाराष्ट्रात दुसरीकडं झाला असेल असं वाटत नाही.

मग संचार साथीचं प्रकरण. प्रत्येक नव्या फोनमध्ये हे सरकारी अ‍ॅप आधीपासून घालूनच द्यायचं, असा आदेश २८ नोव्हेंबर २०२५ला निघाला. देशभर गदारोळ झाला, मंत्री म्हणाले नको असेल तर काढून टाका, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागं घेतली गेली. बरंच झालं. चोरीचा फोन बंद करायला ते अ‍ॅप उपयोगी आहे, पण ज्याला हवं तो घेईल की. हॉटेलवर तात्या मंत्र्यांच्या 'काढून टाका'वर अडले होते. "सरकारनं येकदा चढवलेलं कव्हा निघतं का? कर्ज फेडलं, दाखला आणला, तरी मह्या सातबाऱ्यावरचा बोजा निघंना, अन् हे अ‍ॅप निघंल?"

मी म्हटलं, तात्या, दाखवा बरं तुमचा फोन. तात्यांच्या फोनमध्ये एक फुकटचं पंचांग आहे. त्या पंचांगाला तात्यांनी फोनमधली सगळी नावं, सगळे फोटो, जागेचा ठावठिकाणा, माईक आणि कॅमेरा बघायची मुभा दिलेली.

"पंचांगाला कॅमेरा कशाला लागतो, तात्या?"

"ग्रहण बघाया."

यावर काय बोलणार? मी भजी मागवली. पुडी आली ती कुणाच्या तरी आधारकार्डाच्या झेरॉक्समध्ये. तेलानं कागद आरपार दिसू लागलेला, फोटोतला माणूस आणखीच घाबरल्यासारखा. आधारवाल्यांनी अशी सोय केलेली आहे की आपल्याला हवं तर पहिले आठ आकडे झाकून फक्त शेवटचे चार दाखवणारी प्रत काढता येते. इथं नेमके शेवटचे चार तळलेल्या मिरचीनं झाकले होते आणि पहिले आठ ठळक. वकिलाचा पोरगा शेजारीच बसला होता. त्यानं भजीवाल्याला सांगितलं की २०२३चा नवा कायदा आलाय, लोकांची माहिती सांभाळण्यात कसूर केली तर अडीचशे कोटींपर्यंत दंड. भजीवाल्याचा झारा कढईतच थांबला. कांदा करपायला लागला तेव्हा पोरानंच सुटका केली: तो कायदा डिजिटल माहितीला आहे, कागदाला नाही. भजीवाल्यानं सुटकेचा श्वास टाकून दुसरा घाणा सोडला. एवढ्यात पलीकडच्या बाकावरून एकानं मान वाकवली. "अय, हा तं आमच्या आव्हान्याचा! द्या इकडं तो कागद, जाता जाता देतो त्याला. हरवलं असंल तं कामी येईल." त्यानं शेवटची दोन भजी तोंडात टाकली, कागद विजारीला पुसला आणि घडी घालून खिशात ठेवला.

गेल्या हंगामात तात्यांच्या वावरात अखेर खराखुरा ड्रोन आला. दिवसा, आणि भाड्यानं. मक्यावर लष्करी अळी पडली होती. डोक्याच्या वर गेलेल्या मक्यात पाठीवर पंप घेऊन शिरायला गडी तयार होत नाहीत आणि त्यांचं चुकत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विष अंगात भिनून वीसहून जास्त माणसं गेली, ते अजून कोणी विसरलेलं नाही. केंद्राच्या ड्रोन दीदी योजनेतून बचत गटांच्या बायकांना ड्रोन आणि त्याचं शिक्षण मिळू लागलंय, हे तात्यांच्या सुनेनं कुठूनतरी काढलं आणि फोन केला. टेम्पोतून सहा पंखांचं ते धूड उतरलं, त्यामागून बॅटऱ्या, पाण्याचा ड्रम आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक तिशीची बाई.

तात्या धुऱ्यावर काठी टेकून उभे होते. यंत्राकडं त्यांनी बघितलंही नाही.

"कुणाची गं तू?"

तिनं नवऱ्याचं गाव सांगितलं, माहेर सांगितलं. माहेर वालसावंगीचं निघालं. तात्यांच्या मेहुणीचं सासर वालसावंगी. दोन-चार नावांची देवाणघेवाण झाली, कोण वारलं, कोणाचं लग्न कुठं ठरलं ते झालं आणि वाडा कोणता तेही जुळलं. तात्यांचा चेहरा सैल पडला. बाईनं टाकी भरली, आम्हाला सगळ्यांना वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभं केलं, आणि ड्रोन घोंगावत मक्यावर गेला. तात्या हातातलं यंत्र चालवणाऱ्या तिच्या बोटांकडं आणि त्यातल्या छोट्या पडद्याकडं आळीपाळीनं बघत राहिले. पडद्यात मक्याचे तुरे सरकत होते.

"हे लांबचं दिसतं का गं याच्यात?"

"दिसतं ना, मामा."

तात्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "मंग जरा तिकडं ने बरं, त्या बाभळीच्या पल्याड. चुलत भावानं औंदा धुरा किती कोरला, ते दिसतं का बघ."

"तसं नाही नेता येत, मामा. दुसऱ्याच्या वावरावर त्यांना विचारल्याबिगर नाही नेत आम्ही."

"अगं, त्याला काय इचारायचं?" तात्या म्हणाले. "मी काय परका हाये का त्याला?"